दुसऱ्या अंकातली झोप

ताई, आम्ही नागपूरच्या मनीषनगरात राहतो. लग्नाला अकरा वर्षं झाली. मुलगा आठ वर्षांचा आहे, सासूबाई आमच्याजवळच असतात. नवरा बुटीबोरीला एका कंपनीत ढलाई विभागात, म्हणजे धातू ओतायच्या कामाला आहे. महिन्यातले निम्मे दिवस फर्स्ट शिफ्ट. मला नाटकाचं आणि गाण्याचं वेड. लहानपणी बाबा मला राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं दाखवायला न्यायचे. नवऱ्याला यातलं काहीच नाही. मागच्या हिवाळ्यात मुंबईचं एक नाटक आलं होतं. मी हट्टानं पुढची दोन तिकिटं काढली. पूर्ण वेळ चोरून त्याच्याकडे पाहत होते, याला आवडून राहिलं की नाही म्हणून. दुसऱ्या अंकात तो झोपला. चक्क घोरला. बाजूच्या बाईंनी वळून पाहिलं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन भांडण झालं, तर म्हणाला, "तुझ्या खुशीसाठी आलो होतो ना, अजून काय पाहिजे?" तेव्हापासून आम्ही दोघं कुठेच गेलो नाही. मैत्रीण म्हणते, तू माझ्यासोबत चल, त्याला राहू दे. पण मला त्याच्यासोबत जायचं आहे. त्याला गोडी कशी लावू? आणि नागपुरात असतं तरी काय? पुण्यात असतो तर रोज काहीतरी पाहिलं असतं. त्या नाटकाची अर्धी फाडलेली तिकिटं अजून माझ्या पर्समध्ये आहेत. फेकवत नाहीत आणि पाहवतही नाहीत.

— एक वाचक, मनीषनगर

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र बरंच मोठं होतं, वर थोडक्यात घेतलं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझी बाजू कळली. दुसऱ्यांदा वाचताना मी घड्याळाचा हिशेब मांडला. फर्स्ट शिफ्ट म्हणजे कंपनीची बस पाचच्या आसपास कोपऱ्यावर येणार. म्हणजे तो चारला उठतो. दिवस भट्टीजवळ जातो. नाटकाची तिसरी घंटा होईपर्यंत रात्रीचे नऊ वाजून गेलेले असतात आणि दुसरा अंक उघडतो तेव्हा साडेदहा. साडेअठरा तास जागा असलेला माणूस, त्यात गार अंधार आणि मऊ खुर्ची. नाटक कळत नाही म्हणून तो झोपला, असं तू धरून चालली आहेस. मला तसं वाटत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही झोपले असते, आणि नाटक माझ्या जिवाभावाचं आहे.

पत्रातल्या एका वाक्यापाशी मात्र मी थांबले. पूर्ण वेळ चोरून त्याच्याकडे पाहत होतीस, असं तू लिहिलंस. म्हणजे त्या रात्री नाटक तूही पाहिलं नाहीस. पुढच्या रांगेतलं महागाचं तिकीट काढून तू नवऱ्याचा चेहरा पाहत बसलीस. आणि आपल्याकडे कुणी असं पाहत असलं की माणसाला ते कळतं, अंधारातही कळतं.

हे मी इतक्या खात्रीनं सांगते, कारण मी स्वतः वर्षानुवर्षं हेच केलं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी माझ्या नवऱ्याला वसंतराव देशपांडे स्मृती समारोहाला घेऊन गेले. बडा ख्याल सुरू झाला आणि मी गवयाऐवजी यांच्याकडे पाहू लागले. चांगली जागा आली की कोपरानं ढोसायचं आणि डोळ्यांनी विचारायचं, ऐकलं का? परतताना हे स्कूटरवर गप्प होते. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "तू मला पेपर सोडवायला बसवतेस आणि स्वतः सुपरवायझर होतेस." मला फार लागलं. पण बोलणं खरं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम आहे: कार्यक्रमाहून आल्यावर चपला काढेपर्यंत "कसं वाटलं" असं कुणी कुणाला विचारायचं नाही. पुढे असं व्हायला लागलं की विचारावंच लागत नसे. दोन दिवसांनी मटार सोलता सोलता यांच्या तोंडून आपोआप निघायचं, "तो तबलेवाला गाणाऱ्याकडे पाहतही नव्हता, तरी समेवर बरोबर येत होता. कसं गं जमतं?" मी कोपर मारत राहिले असते, तर हा प्रश्न कधीच निघाला नसता.

तेव्हा त्याला गोडी कशी लावायची, हा प्रश्नच तू मनातून काढून टाक. गोडी लावता येत नाही. ती कुठून लागेल याचा नेम नसतो. आपल्या नागपूरचेच महेश एलकुंचवार तरुणपणी एकदा सिनेमाला गेले, तिकीट मिळालं नाही, म्हणून नाटक पाहायला शिरले. नाटक विजय तेंडुलकरांचं होतं. त्या एका संध्याकाळीनंतर ते स्वतः नाटकं लिहायला लागले. कुणी त्यांना हाताला धरून नेलं नव्हतं. तुझ्या हातात एवढंच आहे की नवऱ्याला अशा ठिकाणी न्यायचं, जिथे त्याच्याजवळ आधीच काहीतरी आहे.

आणि त्याच्याजवळ आहे. ढलाई आहे.

सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, १९८६ पासून. त्यांच्या आवारात दर हिवाळ्यात, बहुतेक जानेवारीत, ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. वेगवेगळ्या राज्यांचे कारागीर येतात आणि संध्याकाळी उघड्या मंचावर लोकनृत्यं होतात. साड्यांच्या स्टॉलकडे नंतर जा. आधी त्याला बस्तरच्या ढोकरा कारागिरांपाशी घेऊन जा आणि तू बाजूला हो. हे लोक मातीचा गाभा करतात, त्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळतात. बैलाच्या झुलीची नक्षी, बाईच्या गळ्यातली सरी, सगळं मेणाच्या तारेतून उठवतात. वरून पुन्हा मातीचा लेप देतात, आत रस ओतायला वाट ठेवतात आणि भट्टीत घालतात. मेण वितळून निघून जातं, त्याच्या रिकाम्या जागेत पितळेचा रस उतरतो. थंड झालं की वरची माती फोडायची. साचा फुटतो, म्हणून एकासारखी दुसरी मूर्ती होत नाही. तुझ्या नवऱ्याच्या धंद्यात याला इन्व्हेस्टमेंट कास्टिंग म्हणतात. तत्त्व तेच आहे. मोहेंजोदडोची नर्तकीही याच पद्धतीनं ओतलेली आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या ढलाईवाल्याचा आणि तुझ्या नवऱ्याचा धंदा एकच आहे, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नसेल.

मला डोळ्यांपुढे दिसतंय. तो ती मूर्ती हातात घेईल, उलटी करेल, रस कुठून ओतला ते शोधेल. कारागिराला विचारेल, हवा कुठून काढता, रस किती गरम लागतो, फुगा येत नाही का? तू मध्ये पडू नकोस. अर्धा तास लागला तर लागू दे. मुलाला घेऊन लोकनृत्य पाहा, तिथे आठ वर्षांचं पोर कंटाळत नाही. नंतर एखाद्या वेळी याच केंद्राच्या कलादालनात किंवा चिटणवीस सेंटरला एखादं चित्रांचं प्रदर्शन लागलेलं असेल. रविवारी सकाळी तिथे सहज डोकवा, वीस मिनिटं पुरे. चित्र "कळलं" पाहिजे असं काही नसतं. त्यालाही हे सांगू नकोस, फक्त स्वतः तसं वाग. बाहेर पडून तर्री पोहे खा आणि घरी या.

आता शिफ्टचं. त्याची झोप तुझी सवत आहे असं समजू नकोस, तिच्याशी जुळवून घे. रात्री दहाला ज्याचे डोळे मिटतात, तो पहाटे चारला टक्क जागा असतो. मग त्याला पहाटेचं गाणं ऐकव! आपल्या शहरात दिवाळी पहाटेचे कार्यक्रम किती तरी ठिकाणी होतात, उद्यानांत, मैदानांवर, वस्त्यावस्त्यांतून. बहुतेक फुकट. अभ्यंगस्नान झालेलं, अंगाला उटण्याचा वास, स्वेटरची पहिली थंडी, समोर तानपुरे जुळताहेत आणि झाडांवर पाखरांचा कालवा. सकाळचे राग सकाळी ऐकायचे असतात, ते का, हे त्या वेळी कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्या पहाटे तू जांभया देशील आणि तो ताजातवाना असेल. मला तर वाटतं, एकदा तसं व्हायलाच हवं. आठ वाजता घरी या, सासूबाईंनी फराळाची ताटं मांडलेली असतील. किंवा त्यांनाच सोबत घेऊन जा. त्यांना काय आवडतं, ते तू पत्रात लिहिलंच नाहीस.

रात्रीचं नाटक पाहायचंच असेल, तर सेकंड शिफ्टच्या आठवड्यातली सुट्टी धर. नाटकाचे दोन प्रयोग लागले असतील तर दुपारचा घे. खुर्च्या मागच्या आणि कडेच्या घे. पुढच्या रांगेत बसलं की पाय हलवायची, बाहेर जाऊन पाणी पिऊन यायची सोय राहत नाही. महागाचं तिकीट काढलं की आवडलंच पाहिजे असं ओझंही डोक्यावर येतं. मुंबईहून नाटक येतं तेव्हा सेटचा ट्रक आणि कलाकारांची बस आठशे किलोमीटर येते, ते भाडं तिकिटात उतरतं. म्हणून ती नाटकं वर्षातून दोन-तीनच पाहा, पण मन लावून पाहा. जाताना मेट्रोनं जा. तुमच्याकडून जयप्रकाशनगर नाही तर उज्ज्वलनगर जवळ पडतं, झिरो माइलला उतरलं की सिव्हिल लाइन्स आलंच. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र आधी पाहून ठेव. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की त्या भागातले रस्ते बंद असतात. तेव्हा तिकडे दुचाकी घेऊन जाण्यात अर्थ नाही, नाटकाचा मूड रस्त्यातच जातो.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कामगारांसाठी नाट्य स्पर्धा घेतं. आपल्याकडे रघुजीनगरच्या कामगार कल्याण भवनात तिचे प्रयोग होतात. रंगमंचावर उभे राहणारे लोक सकाळी कुठेतरी मशीनवर, डेपोत, वीज केंद्रात असतात. तुझ्या नवऱ्याला तिथे ओळखीचा कुणी दिसणंही अशक्य नाही. दिवसभर ज्याच्यासोबत घाम गाळला, तो रात्री राजा होऊन येतो आणि संवाद विसरत नाही, हे पाहण्यात निराळाच आनंद आहे. तो आनंद तुला त्याच्याइतका कळायचा नाही, आणि ते बरंच आहे. एखादी संध्याकाळ अशीही असू दे, जिथे तो जाणकार आहे आणि तू पाहुणी.

नागपुरात असतं तरी काय, असं तू विचारलंस. हे वाक्य ऐकलं की माझा जीव तुटतो, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली रंगमंचावर आलं. ते लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. त्यात खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे वाढले नागपुरात, गाणं शिकायला लागले ते इथेच, शंकरराव सप्रे गुरुजींकडे. आणि ते पोटासाठी अनेक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत होते, हे तुझ्या नवऱ्याला अवश्य सांग. त्यांच्या नावाचं सभागृह सिव्हिल लाइन्समध्ये आहे. ३० जुलै हा त्यांचा स्मृतिदिन, त्याच्या आगेमागे समारोह होतो, देशभरातले गवई-वादक येतात. रेशीमबागेत सुरेश भटांच्या नावाचं प्रचंड सभागृह २०१७ मध्ये उभं राहिलं. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह आहे. तुझे बाबा तुला न्यायचे ती राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि नागपूर केंद्रावर हिवाळ्यात आजही नाटकं होतात, तिकीट नावापुरतं असतं. तू शेवटची कधी गेलीस? पत्रावरून वाटतं, लग्नानंतर नाही. मग पुण्याला बोल लावून कसं चालेल! रोज सकाळी पेपरातलं "शहरात आज" तेवढं वाच आणि वसंतरावच्या बाहेरच्या फलकावर जाता-येता नजर टाक. फुकट प्रवेशाच्या कार्यक्रमाच्या प्रवेशिका दोन-तीन दिवस आधी मिळतात, त्या आणायचं काम नवऱ्यावर सोपव. प्रवेशिका ज्याच्या खिशात असते, त्याला कार्यक्रम थोडा आपला वाटतो.

हनुमाननगरच्या क्रीडा चौकाजवळ खासदार सांस्कृतिक महोत्सवाची मोठी मैफल भरते, तिथे इतक्यात नेऊ नकोस. ती गर्दी वेगळ्या तयारीनं अंगावर घ्यायची असते.

एका गोष्टीसाठी मात्र मी तुला रजा काढायला लावणार आहे. झाडीपट्टी! भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि त्यासोबत रात्रीचं नाटक. गडचिरोलीतलं वडसा म्हणजे या नाटक कंपन्यांचं माहेर, होळीपर्यंत त्यांना उसंत नसते. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या विदर्भात राहून आपण झाडीपट्टीचं नाटक पाहिलेलं नसावं, हे काही बरोबर नाही.

आम्ही दोघं एकदा साकोलीकडच्या एका गावात गेलो होतो, ओळखीच्यांच्या आग्रहावरून. मला वाटलं, दोन तास बसू आणि निघू. नऊचं नाटक साडेदहाला उघडलं. कनातीच्या आत सगळा गाव होता. पुढे पोरं, बायका वाकळी अंथरून बसलेल्या, कुणी शेंगा फोडत होतं, कुणाच्या मांडीवर लेकरू झोपलेलं. मंचाच्या कडेला ऑर्गन, तबला, ढोलकीवाले उघड्यावर बसलेले. खलनायक आला की ऑर्गनवाला असा सूर द्यायचा की बायका त्याला मोठ्यानं शिव्या घालायच्या. मध्येच लावणी, मध्येच विनोदी पात्र, मग पुन्हा रडारड. बारानंतर थंडी अशी पडली की माझे दात वाजायला लागले. मी शहरातून पातळ शाल घेऊन गेले होते. बाजूला एक म्हातारी बसली होती. तिनं काही न विचारता आपल्या गोधडीचं अर्धं टोक आमच्या दोघांच्या गुडघ्यांवर ओढलं आणि म्हणाली, "बसा आता उजेडेपावतर." आम्ही बसलो. तीनच्या सुमारास हे माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. तिचा नातूही झोपला होता, पुढच्या रांगेतले दोन बाप्येही. कुणी कुणाकडे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं हे जागे झाले आणि विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं, थोरल्यानं जमिनीचे कागद पळवले. म्हातारीनं माझं सांगणं दुरुस्त केलं, कागद थोरल्यानं नाही, त्याच्या बायकोनं पळवले होते. यांनी बरं म्हटलं आणि पुढचं नाटक पाहिलं. पाच वाजता बाहेर चहाच्या टपरीवर उभे होतो, तोंडातून वाफ निघत होती. ती सकाळ मला अजून दिसते.

तुझ्या नवऱ्याला असं नाटक मिळायला हवं, जिथे झोपणं हा गुन्हा नाही. दुसऱ्या दिवशीची रजा टाका, मुलाला आजीजवळ ठेवा, गोधडी आणि थर्मास घ्या.

मैत्रिणीसोबत जाऊ का, असंही विचारलंस. जा ना गं! अवश्य जा. तीन तासांची मैफल, जिच्यासाठी तुझा जीव कासावीस होतो, ती मैत्रिणीसोबत ऐक किंवा एकटी ऐक. त्यात नवऱ्याला सोडून देणं वगैरे काही नाही. उलट तुझी भूक अशी भागलेली असली, तर त्याच्यासोबतच्या चार संध्याकाळींवर सगळा भार पडणार नाही. पोटभर ऐकून घरी येशील, तेव्हा तुझा चेहरा त्याला दिसेल. नवऱ्याला नेऊन, त्याच्यावर चिडून परतलेला चेहरा त्यानं पाहिला आहे, हा पाहिलेला नाही. आणि त्याचं जे काही असेल, क्रिकेटची मॅच म्हण, गावाकडचा शंकरपट म्हण, तिथे तू कधी त्याच्या बाजूला बसली आहेस का? पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारते.

राहिली ती तिकिटं. त्याचं ते वाक्य, "तुझ्या खुशीसाठी आलो होतो ना", तुला टोमण्यासारखं वाटलं. मला ते फार साधं आणि खरं वाटतं. फर्स्ट शिफ्ट करून आलेला माणूस कपडे बदलून, न आवडणाऱ्या जागी, बायकोच्या खुशीसाठी आला. आणि पूर्ण पत्र पुन्हा पाहिलं तेव्हा माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. दुसऱ्या अंकात तो झोपला, हे तू तीन वेळा लिहिलंस. पहिल्या अंकाबद्दल एकही ओळ नाही. पहिला अंक त्यानं जागं राहून पाहिला. सव्वा तास तो तुझ्या शेजारी बसून ते नाटक पाहत होता, आणि गेल्या हिवाळ्यापासून आजपर्यंत त्याला त्याबद्दल कुणी काही विचारलेलं नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाली की ती तिकिटं पर्समधून काढ, त्याच्यासमोर ठेव आणि विचार, पहिल्या अंकात काय झालं होतं रे? मला नीट आठवत नाही, मी तुझ्याकडे पाहत होते.

तुझी,
ताई